पानाला मी आठवत नव्हते तेव्हा

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून मी जगातली पहिली वेबसाइट उघडून बसले. म्हणजे खरंच पहिली, युरोपातल्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी बनवलेली. सर्नच्याच लोकांनी २०१३ मध्ये तिची १९९२ सालची प्रत शोधून मूळ पत्त्यावर परत लावून ठेवलीय. पांढरं पान, काळी अक्षरं, निळ्या लिंका, बास. चित्र नाही, मेनू नाही, आम्ही कुकीज वापरतो मान्य आहे का असं विचारत खालून वर येणारी पट्टी नाही. फोनवर पापणी लवायच्या आत उघडली. तीस वर्षांपूर्वीचं पान आजच्या फोनवर विनातक्रार वाचता येतंय आणि मागच्याच वर्षी मी जपून ठेवलेल्या दोन-तीन लिंका आता उघडतच नाहीत, हे बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

जुन्या आणि नव्या वेबसाइटमध्ये फरक काय असं कुणी विचारलं तर आपण पटकन सांगतो की जुन्या नुसत्या वाचायच्या होत्या आणि नव्यांवर काहीतरी करता येतं. लिहिता येतं, ओढता येतं, पाठवता येतं. ते खरंच आहे. पण त्या रात्री मला जाणवलं ते वेगळंच होतं. हे पान मला ओळखत नाही. मी आधी कधी आले होते, कुठून आले, कुठल्या ओळीपाशी किती वेळ थांबले, त्याला काहीच माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. मला एकदम मोकळं वाटलं, अनोळखी गावात एकटं चालताना वाटतं तसं. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की आधी कोण कोणाला लक्षात ठेवत होतं आणि आता कोण कोणाला लक्षात ठेवतंय.

जुनं पान चालायचं कसं ते आधी सांगते. सर्व्हर नावाच्या कॉम्प्युटरवर एक फाइल ठेवलेली असायची. तुमचा ब्राउझर म्हणायचा, अमुक फाइल दे. सर्व्हर ती डिस्कवरून उचलून द्यायचा आणि विषय संपला, कनेक्शन बंद. पुढच्या मिनिटाला तुम्ही परत आलात तरी त्याच्या लेखी तुम्ही नवीनच. ज्या नियमांनी ही देवाणघेवाण चालते ते एचटीटीपी मुळातच असं आठवण न ठेवणारं बनवलेलं आहे, आणि त्याच्या सगळ्यात पहिल्या रूपात तर मागणी फक्त एका ओळीची असायची. तो पहिला सर्व्हर म्हणजे बर्नर्स-ली यांच्याकडचा नेक्स्ट कंपनीचा काळा कॉम्प्युटर, आणि त्यावर लाल शाईने हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. त्या चिठ्ठीचा फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला भरून आलं होतं, कारण एवढं मोठं काहीतरी सुरुवातीला एका कागदाच्या भरवशावर होतं.

लक्षात ठेवायचं काम तेव्हा वाचणाऱ्याकडे होतं. बुकमार्क तुमचे, तुमच्याच ब्राउझरमध्ये. निळी लिंक एकदा उघडली की जांभळी व्हायची, आणि ते जांभळेपण तुमच्याच कॉम्प्युटरवर, सर्व्हरला त्याचा पत्ताच नाही. मला ती जांभळी लिंक फार आवडायची. लायब्ररीतल्या पुस्तकात आपणच ठेवलेला बारीकसा कागद परत आपल्यालाच सापडावा तसं वाटायचं.

माझं स्वतःचं पहिलं पान मी १९९८ मध्ये केलं. आकाशातल्या ताऱ्यांवर होतं, मृग नक्षत्र कसं ओळखायचं, तीन तारे एका रेषेत दिसले की तो मृगाचा पट्टा, त्याच्या वरच्या बाजूला तांबूस दिसतो तो काक्षी, खालच्या बाजूला निळसर पांढरा तो राजन्य, पट्ट्याची रेष खाली वाढवत नेली की व्याध. पान इंग्रजीत होतं, सगळं नोटपॅडमध्ये टाइप केलेलं, टॅग हाताने लिहिलेले, एका फुकट जागा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर एफटीपीने (फाइली पाठवायची एक पद्धत) चढवलेलं. एक छोटा नकाशा जिफ फाइलमध्ये, खाली किती लोक येऊन गेले ते दाखवणारा काउंटर, एक गेस्टबुक, आणि सगळ्यात खाली शेवटचा बदल कधी केला ती तारीख. ती तारीख मी स्वतः लिहायचे. बदल केला आणि तारीख बदलायची राहिली तर परत कनेक्शन जोडून फक्त तेवढ्यासाठी फाइल पुन्हा चढवायचे, कारण ती तारीख खोटी असणं मला चालायचं नाही.

हे सगळं मी शिकले कुठे तर दुसऱ्यांच्या पानांतून. ब्राउझरमध्ये सोर्स बघायची सोय असायची (अजूनही असते), एखादं पान आवडलं की त्याचा सोर्स उघडायचा, बघायचं की यांनी हे कसं केलंय, आणि आपल्याकडे करून बघायचं. पानाच्या पोटात जे होतं ते माणसाने माणसाला वाचता येईल असंच लिहिलेलं होतं. आज एखाद्या मोठ्या साइटचा सोर्स उघडला तर आत जवळजवळ काहीच सापडत नाही, एक रिकामी चौकट आणि भलीमोठी दाबून बसवलेली जावास्क्रिप्ट (पानाला हलतंबोलतं करणारी प्रोग्रामची भाषा), जिच्यात नावं सुद्धा एक-एक अक्षराची करून टाकलेली असतात म्हणजे फाइल लहान होते. त्याला कारणं आहेत, मला माहीत आहे. पण कुणी पंधरा वर्षांचं पोर आज असं पान उघडून त्यातून काही शिकू शकेल असं मला वाटत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर माझ्या गेस्टबुकमध्ये एक दिवस कुणीतरी लिहिलं, नाव ओळखीचं नाही, की पान छान आहे पण आमच्याकडे मृग असा दिसत नाही. मी दक्षिण गोलार्धात राहतो, इथे राजन्य वर असतो आणि काक्षी खाली, तुमचं वाचून मी अंगणात जाऊन बघितलं तर सगळं उलटं.

मी ते चार-पाच वेळा वाचलं. पृथ्वी गोल आहे, दक्षिणेकडून बघणाऱ्याला तेच तारे डोकं खाली पाय वर दिसणार हे मला पाठ होतं, पण आपलं पान जगात सगळीकडे सगळ्यांना अगदी एकसारखं दिसतंय आणि त्या सगळ्यांचं आकाश मात्र एकसारखं नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळली. मी पानाच्या खाली एक ओळ घातली की दक्षिण गोलार्धातून बघत असाल तर वरचं सगळं उलटं वाचा. तारीख बदलली, १४ फेब्रुवारी १९९९. फाइल चढवली.

स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांना एकच तयार फाइल देणाऱ्या, पानाची अख्खी ताकद आणि अख्खी मर्यादा मला त्या एका ओळीत दिसते. पान त्या माणसाकडे बघून स्वतःला फिरवू शकत नव्हतं. ते फक्त प्रामाणिकपणे सांगू शकत होतं की मी असं लिहिलंय, तुम्ही वेगळीकडे असाल तर तुमचं तुम्ही समजून घ्या.

पुढे आकाशाचे नकाशे दाखवणाऱ्या इंटरॅक्टिव्ह साइट आल्या. तारीख द्या, वेळ द्या, तुम्ही कुठल्या अक्षांशावर आहात ते द्या, आणि नकाशा तुमच्या डोक्यावरचं आकाश दाखवतो. अक्षांश उत्तरेचा दक्षिण केला की मृग हळूहळू कलंडत उलटा होतो. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा कितीतरी वेळ तो अक्षांश पुढे-मागे करत बसले होते. माझी ती एक ओळ इथे कुणाला लिहावीच लागली नसती. म्हणून मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली नाही. जे पान वाचणाऱ्याच्या हाताला उत्तर देतं ते खरोखरच काहीतरी जास्तीचं देतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

आणि खरं सांगायचं तर वेब नुसतं वाचायचं असावं असं मुळात ठरलेलंच नव्हतं. बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये बनवलेला पहिला ब्राउझर हा एडिटरसुद्धा होता, त्याच खिडकीत पान वाचायचं आणि त्याच खिडकीत ते बदलायचं. पण तो चालायचा फक्त नेक्स्टच्या कॉम्प्युटरवर आणि ते कॉम्प्युटर फार थोड्या लोकांकडे होते. बाकी सगळ्यांसाठी निकोला पेलो यांनी जो साधा ब्राउझर लिहिला तो नुसता वाचायचा, आणि १९९३ मध्ये ज्या मोझेक नावाच्या ब्राउझरमुळे वेब घराघरात पोचायला लागलं, त्यात चित्रं मजकुरासोबत दिसायला लागली पण पान जागच्या जागी बदलायची सोय काही नव्हती. म्हणजे ज्याला आपण जुनं, स्थिर, एकतर्फी वेब म्हणतो ते घाईगर्दीत अर्धं बाहेर पडलेलं वेब होतं. लिहिण्याचा अर्धा भाग मागे राहिला, आणि पुढची सगळी वर्षं तो वेगवेगळ्या दारांनी आत यायचा प्रयत्न करत राहिला असं मला वाटतं.

पण त्यातलं कुठलं दार कशासाठी उघडलं ते बघण्यासारखं आहे. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी बनवली. अडचण खरी होती, आठवण नसलेल्या सर्व्हरला तुमच्या खरेदीच्या टोपलीत तुम्ही काय टाकलंय हे पुढच्या पानावर कसं कळणार, म्हणून सर्व्हरने तुमच्याच ब्राउझरला एक चिठ्ठी द्यायची आणि दर वेळी ती परत मागायची. पण प्रयोगशाळेबाहेर कुकीचा पहिला उपयोग झाला तो नेटस्केपच्या साइटवर, आलेला माणूस आधी येऊन गेलाय का हे बघायला. दुसरीकडे रास्मुस लेर्डोर्फ यांनी सर्व्हरवर पान तयार करणारं जे पीएचपी बनवून १९९५ मध्ये सगळ्यांना दिलं, ज्याच्यावर पुढे वेबचा प्रचंड मोठा भाग उभा राहिला, त्याची सुरुवात काय तर स्वतःचा बायोडेटा ऑनलाइन ठेवला होता तो कोण कोण बघून जातं ते मोजणं. आणि मी, माझ्या ताऱ्यांच्या पानावर, काउंटर लावून बसलेली. कोण आलं होतं, हा प्रश्न पानाला अगदी सुरुवातीपासून पडलेला होता आणि त्यात वावगं काहीच नव्हतं, आपण लिहिलेलं कुणी वाचतंय का हे कुणाला नको असतं.

माँटुली यांनी प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायची कल्पना तेव्हा मुद्दाम टाळली होती, कारण तसं केलं तर माणसाचा माग एका साइटवरून दुसऱ्या साइटवर काढता येईल. चिठ्ठी ज्या साइटची तिलाच ती परत मिळेल अशी रचना केली. पण एकाच पानात दुसरीकडून आणलेली जाहिरात बसवता येते, ती दुसऱ्या सर्व्हरवरून येते, तो सर्व्हर स्वतःची चिठ्ठी देतो, आणि त्याच कंपनीची जाहिरात हजार साइटवर असली की हजार साइटवर तीच चिठ्ठी परत दाखवली जाते. झालं. जे टाळायचं होतं ते मागच्या दाराने आत आलं.

पानांनी हलायला शिकणं ही त्याच्याशेजारून चाललेली वेगळीच गोष्ट आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत जावास्क्रिप्टचं पहिलं रूप लिहून काढलं. मग बरीच वर्षं तिचा उपयोग बटणावर कर्सर नेला की रंग बदलणं, फॉर्ममध्ये काही राहिलं असेल तर सांगणं, एवढाच. खरी उडी होती ती सर्व्हरकडून पान न बदलता गुपचूप थोडीशी माहिती मागवण्याची. मायक्रोसॉफ्टने ती सोय ईमेल ब्राउझरमध्ये दिसावी म्हणून १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये घातली, पण ती सगळ्यांच्या डोळ्यांत भरली २००४ मध्ये जीमेल आणि २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं तेव्हा. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स असं नाव दिलं. ज्यांनी त्याआधीचे ऑनलाइन नकाशे वापरलेत त्यांनाच कळेल मी काय म्हणतेय. कडेच्या बाणावर क्लिक करायचं, पान अख्खं पांढरं व्हायचं, थांबायचं, मग नकाशा थोडा सरकून परत यायचा, आणि तेवढ्यात आपण आधी कुठे बघत होतो तेच विसरायला व्हायचं. आणि मग एक दिवस नकाशा माउसने धरून ओढता आला आणि तो आला बरोबर! पांढरं पान नाही, थांबणं नाही. मला आठवतंय मी मुद्दाम पार समुद्र ओलांडून दुसऱ्या खंडापर्यंत ओढत नेला होता.

वेब २.० हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. तो तसा डार्सी डिनुची यांनी १९९९ मध्येच वापरलेला, २००४ च्या परिषदेनंतर पसरला. तो शब्द मला कधीच आवडला नाही, कारण त्याने दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या. मी काहीतरी केलं म्हणून पान बदललं ही एक गोष्ट. मी कोण आहे ते बघून पान बदललं ही दुसरी. नकाशा मी ओढला म्हणून सरकतो, अक्षांश मी बदलला म्हणून मृग उलटा होतो, यात पानाला माझं काहीही माहीत असायची गरज नाही. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी तेवढंच ओढलं तर त्यालाही तेच दिसेल. पण मी लॉगिन केल्यावर समोर येणारी फीड, तिच्यात मी काहीच न करता आधीच सगळं ठरलेलं असतं, माझ्यावरून ठरलेलं. दोन्हींना आपण इंटरॅक्टिव्ह म्हणतो.

या बाबतीत मला सगळ्यात सुंदर वाटतं ते विकीचं पान. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ च्या मार्चमध्ये पहिली विकी साइट सुरू केली, नाव घेतलं होनोलुलू विमानतळावरच्या विकी विकी नावाच्या बसवरून, हवाईयन भाषेत त्याचा अर्थ पटपट. कुणीही यावं, बदल करावा. २००१ च्या जानेवारीत विकिपीडिया आला तेव्हा त्याच्या आधीचा न्यूपीडिया नावाचा तज्ज्ञांनी तपासून लिहायचा प्रकल्प पहिल्या वर्षात जेमतेम वीस-एकवीस लेखांवर अडकला होता, आणि विकिपीडियाने पहिल्याच वर्षात वीस हजारांच्या आसपास लेख केले. पण मला त्या आकड्यापेक्षा त्या पानाचा स्वभाव आवडतो. ते पान जुन्या पानांसारखं सगळ्यांना एकच दिसतं, मी उघडलं काय आणि तुम्ही उघडलं काय. नव्या पानांसारखं ते कुणालाही बदलता येतं. आणि त्याला एक इतिहासाची टॅब आहे, जिच्यात ते स्वतः कसं कसं बदललं याची एक-एक नोंद असते, कुठला स्वल्पविराम कधी काढला इथपर्यंत. त्याची सगळी आठवण स्वतःच्या भूतकाळाची आहे, वाचणाऱ्याच्या नाही. सगळं वेब असं झालं असतं तर!

ओपनस्ट्रीटमॅपही त्यातलंच. लोकांनी मिळून काढलेला नकाशा, २००४ पासूनचा. २०१० च्या जानेवारीत हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा नीट नकाशाच नेटवर नव्हता, आणि जगभरातल्या शेकडो अनोळखी लोकांनी उपग्रहाचे फोटो बघून काही दिवसांत रस्ते काढून दिले, मदतीला गेलेल्या पथकांनी ते वापरले. हे फाइल चढवणाऱ्या आमच्या काळात शक्यच नव्हतं. एकेक जण आपापलं पान घेऊन बसला असता.

आणि त्या पिशवीतली दुसरी गोष्ट, मी कोण आहे ते बघून बदलणारं पान. २००९ च्या डिसेंबरात गूगलने शोधाचे निकाल सगळ्यांसाठीच व्यक्तीनुसार करायला सुरुवात केली, लॉगिन न केलेल्यांसाठीसुद्धा, कुकीवरून मागच्या १८० दिवसांतले शोध बघून. मला ती बातमी वाचून जो धक्का बसला होता तो इतरांना का बसत नाहीये हेच मला कळत नव्हतं. कारण तोपर्यंत मी फोनवर मैत्रिणीला सांगू शकायचे की अमुक शब्द टाक आणि तिसरी लिंक बघ. आता तिची तिसरी लिंक वेगळी. पत्ता तोच, वेळ तीच, पान वेगळं, आणि वेगळं आहे हे आम्हा दोघींनाही कळायचा मार्ग नाही, एकमेकींच्या शेजारी बसून स्क्रीन लावून बघितल्याशिवाय. दक्षिण गोलार्धातला तो माणूस मला सांगू शकला की तुमचं चुकलंय, कारण आम्ही दोघं एकच पान बघत होतो. त्याला त्याचं वेगळं पान आपोआप मिळालं असतं तर त्याने मला कधी लिहिलंच नसतं आणि मी माझ्या आकाशाला सगळ्यांचं आकाश समजत राहिले असते.

तसंच शेवटाचं. जुन्या पानाला शेवट होता. खाली तारीख, वर जाण्याची लिंक, कधी लिहिणाऱ्याचा ईमेल. पोचलात की कळायचं की झालं, आता उठा. २००६ मध्ये एझा रास्किन यांनी तळाशी पोचण्याआधीच पुढचं आणून जोडायची कल्पना काढली. हेतू चांगला होता, पुढचं पान असं क्लिक करत बसायला नको. नंतर त्यांनीच जाहीरपणे त्याबद्दल खेद व्यक्त केला. मी त्यांना दोष देत नाही, पण रात्री दोन वाजता कशाच्याच शेवटाला न पोचता फोन बाजूला ठेवताना जी रिकामी थकावट येते ती मला आमच्या त्या हळू पानांनी कधी दिली नव्हती.

हळू म्हटलं तरी गंमत बघा, माझं मृगाचं पान नकाशासकट तीसेक केबी होतं, ५६के मोडेमवर पाच सेकंदांत यायचं. आज सर्वसाधारण वेबपेज दोन एमबीच्या वर असतं. तेच त्या मोडेमवर आणायचं म्हटलं तर पाच मिनिटं लागतील. त्या दोन एमबीत मी वाचायला आलेले शब्द किती आणि मला वाचायला आलेलं सामान किती, हा हिशोब मी एकदा एका लेखाच्या पानावर करून बघितला होता, शब्द दहा केबी सुद्धा नव्हते.

आता आठवणीची शेवटची बाजू, जी मला सगळ्यात जास्त टोचते. नवी पानं आपल्याला इतकं लक्षात ठेवतात पण त्यांना स्वतःला कोण लक्षात ठेवणार? बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच कळवळून लिहून ठेवलंय की चांगला पत्ता बदलत नसतो, बदलतात ती माणसं. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये तपासलं तर २०१३ मधल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून वेबच्या प्रती जमवतंय, पण फाइल असली तर प्रत निघते, जिथे पान तुमच्यासमोर त्या क्षणी डेटाबेसमधून, तुमच्या नावाने, तुकड्यातुकड्यांनी तयार होतं तिथे प्रत कशाची काढायची? माझी फीड काल सकाळी नक्की कशी होती हे जगात कुठेच नोंदलेलं नाही. लोकांना पानांसाठी फुकट जागा देणारं जिओसिटीज २००९ च्या ऑक्टोबरात बंद झालं तेव्हा काही लोकांनी दिवसरात्र जागून त्यातली जवळजवळ एक टेराबाइट पानं उतरवून वाचवली, आणि ते जमलं याचं कारण त्या साध्या फाइली होत्या. आजची एखादी मोठी साइट तशी बंद झाली तर काय उतरवणार, मला खरंच कळत नाही. हल्ली बरेच लोक परत स्टॅटिक साइट बनवतायत, लिहायचं एकीकडे आणि त्यातून तयार फाइली निघतात त्या नुसत्या ठेवून द्यायच्या, आणि असं कुणी सांगितलं की मला आतून बरं वाटतं.

माझं पान ज्या कंपनीच्या फुकट जागेवर होतं ती जागा केव्हाच बंद झाली. त्यांनी ईमेल पाठवला असणार, पण मी तोपर्यंत तो पत्ता वापरायचं सोडून दिलं होतं. माझ्याकडची फाइलही एका बिघडलेल्या हार्डडिस्कबरोबर गेली.

तर त्या रात्री सर्नचं पान बघून झाल्यावर मी आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये माझ्या पानाचा जुना पत्ता टाकला. पूर्ण पत्ता मला पाठ होता, याचंच नवल वाटलं. एकच प्रत होती, २००१ मधली. उघडली. नकाशाच्या जागी तुटलेल्या चित्राचा चौकोन. काउंटर गायब, तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर होता. मजकूर मात्र सगळा तसाच, मृगाचा पट्टा, काक्षी, राजन्य, व्याध, आणि अगदी खाली, दक्षिण गोलार्धातून बघत असाल तर वरचं सगळं उलटं वाचा, १४ फेब्रुवारी १९९९.

त्याच्या वरच गेस्टबुकची निळी लिंक होती. त्या माणसाचं लिहिलेलं परत वाचावंसं वाटलं, नाव बघावंसं वाटलं, म्हणून क्लिक केलं. या पानाची प्रत आमच्याकडे नाही असं आलं. मी मागे आले, आणि ती लिंक आता जांभळी झाली होती.